स्लॅबचे ओझे भिंतीवर नको, पण भिंत मोकळीही नको

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आखाजी (अक्षय तृतीया) सरली की खान्देशात घराच्या कामांना घाई सुटते. मृगाच्या पावसाआधी आतले प्लास्टर उरकले पाहिजे, म्हणून सेंट्रिंग (स्लॅबखालचा साचा आणि टेकू) निघते न निघते तोच आतल्या चार इंची भिंती चढू लागतात. दोन-तीन उन्हाळे गेले की याच भिंतींवर छताखाली आडवी चीर दिसते, दाराच्या वरच्या कोपऱ्यातून तिरपा तडा निघतो, कॉलमलगत उभी भेग पडते. घरमालक सिमेंटला बोल लावतो, ठेकेदार वाळूकडे बोट दाखवतो आणि रंगारी पुट्टी भरून मोकळा होतो. पुढच्या उन्हाळ्यात चीर पुन्हा तिथेच. दोष बहुतेक वेळा मालात नसतो. भिंत स्लॅबला खाली, बाजूला आणि वर कशी जोडली, यात असतो. ही जोडणी नकाशात सहसा काढलेलीच नसते. कॉलम, बीम, स्लॅब यांची सळईन् सळई दाखवलेली असते, आतली भिंत म्हणजे मात्र दोन समांतर रेघा. रेघांच्या टोकांना काय करायचे, ते मिस्तरीने आपल्या सवयीने ठरवायचे.

आरसीसी सांगाड्याच्या, म्हणजे कॉलम-बीमच्या घरात आतल्या भिंतीने छताचा भार घ्यायचा नसतो. खोल्या वेगळ्या करणे, स्वतःचे वजन पेलणे आणि आडवा धक्का बसला तर उभे राहणे, एवढेच तिचे काम. म्हणून तिला आडवे धरून ठेवणारे काहीतरी हवे आणि वरून दाबणारे काहीही नको. प्रत्यक्षात उलटे होते. शेवटच्या थराला विटांचे तुकडे आणि माल ठासून भिंत स्लॅबला गच्च आवळली जाते, आणि आडवे धरायला प्लास्टरशिवाय काही नसते. जुन्या धाब्याच्या घरात हिशेब सरळ होता: धाबे लाकडी खांबांवर, मधली भिंत नुसता आडोसा. भिंत ओली होऊन बसली तरी धाबे जागेवर राही.

धरून ठेवायला किती जोर लागतो, तेही पाहू. दीपनगरच्या वीज केंद्रातल्या राखेच्या विटेची ११० मिमी भिंत दोन्ही बाजूंच्या प्लास्टरसह दर चौरस मीटरला सुमारे २६० किलो भरते. भिंतीची उंची २.९ मीटर धरली तर दर मीटर लांबीला साडेसातशे किलो, म्हणजे बारा फुटी भिंत पावणेतीन टनांची. तापीकाठचा बराच भाग भूकंपाच्या तिसऱ्या क्षेत्रात येतो, आणि १९३८ च्या मार्चमध्ये सातपुड्यात मोठा भूकंप होऊन गेलेला आहे. या क्षेत्रात वरच्या मजल्यावरच्या भिंतीला तिच्या वजनाच्या साधारण दहाव्या भागाइतका आडवा जोर सोसावा लागेल असे धरतात. तो झाला पावणेतीनशे किलो. त्यातला अर्धा तळाशी जातो, अर्धा माथ्याशी. म्हणजे अख्ख्या भिंतीच्या माथ्याला सव्वाशे-दीडशे किलो धरणारे काही मिळाले की काम भागते. चार जागी धरली तर एका जागेच्या वाट्याला पस्तीस-चाळीस किलो. नीट बसवलेला ८ मिमीचा बोल्ट याच्या कितीतरी पट पेलतो. तेव्हा जाडजूड लोखंडाची गरज नाही, योग्य जागी थोडे लोखंड हवे. एएसी (हवेच्या बुडबुड्यांच्या हलक्या काँक्रीटच्या) ब्लॉकची १०० मिमी भिंत तर याच्या निम्म्याहून कमी वजनाची असते.

आता वरून येणारे ओझे. स्लॅब म्हणजे दगड नव्हे, तो वाकतो. टेकू काढल्यावर लगेच थोडा, आणि पुढे वर्ष-दोन वर्षे सावकाश आणखी थोडा. आयएस ४५६ ही आपली काँक्रीटची संहिता आतल्या भिंती बांधून झाल्यानंतरचा झोळ (स्लॅबचे खाली वाकणे) गाळ्याच्या, म्हणजे दोन आधारांमधल्या अंतराच्या, ३५० व्या भागाइतका किंवा २० मिमी, यातला जो कमी असेल त्याच्या आत ठेवायला सांगते. चार मीटरच्या गाळ्याला हा आकडा येतो साडेअकरा मिमी. म्हणजे नियमात बसणारा, अगदी निर्दोष स्लॅबसुद्धा भिंत बांधल्यावर जवळजवळ अर्धा इंच खाली येऊ शकतो. त्याच्या खाली भिंत ठासून भरलेली असेल तर तो तिच्यावरच टेकणार. चार इंची भिंतीला हे ओझे झेपत नाही. ती फुगते, दाराच्या कोपऱ्यात तडकते किंवा प्लास्टरचे पापुद्रे सोडते.

सगळ्यात वाईट प्रकार म्हणजे टेकू जागेवर असताना मधल्या भिंती बांधून घेणे. साडेचार मीटरपर्यंतच्या स्लॅबचे टेकू किमान ७ दिवस, त्याहून मोठ्या गाळ्याचे १४ दिवस, सहा मीटरपर्यंतच्या बीमचे १४ आणि त्यापुढे २१ दिवस ठेवायचे असतात. ही मुदत संपायची वाट न पाहता टेकूंच्या मधून भिंत चढवली आणि मग टेकू काढले, की पहिलाच झोळ भिंतीवर उतरतो. दुमजली-तिमजली काम असेल तर सगळे स्लॅब पडून टेकू निघाल्यावर वरच्या मजल्यापासून खाली भिंती बांधत यावे. खालून वर गेलात तर प्रत्येक नव्या भिंतीचे वजन स्लॅबला वाकवते आणि त्याचा ताप खाली आधीच बांधलेल्या भिंतीला होतो. निदान माथ्याची फट तरी सर्वात शेवटी, वरून खाली येत बुजवावी.

तळाकडे वळू. भिंत आखण्याआधी खाली बीम आहे का, ते नकाशात पाहावे. बीम नसेल तर साडेसातशे किलो प्रतिमीटरचे ओझे स्लॅबवर येते, आणि भिंतींच्या जागा आधी ठरलेल्या नसतील तेव्हा स्लॅबच्या हिशेबात त्यांच्यासाठी किमान १०० किलो प्रति चौरस मीटर एवढेच धरलेले असते. ‘मधे एक भिंत घालून खोली पाडून टाकू’ हे म्हणणे सोपे आहे. पण जुन्या स्लॅबवर बीम नसलेल्या जागी विटेची भिंत अभियंत्याला विचारल्याशिवाय घालू नये. तिथे हलका ब्लॉकच बरा.

स्लॅबचा पृष्ठभाग ही तळाची खरी जोडणी. काँक्रीट टाकल्यावर वर जी सिमेंटची साय येते ती गुळगुळीत आणि कच्ची असते, तिच्यावर ठेवलेला माल सायीसकट सुटतो. आखलेल्या रुंदीत छिन्नीने इंच-दीड इंचावर ३ ते ५ मिमी खोल टाचे मारावेत, तारेच्या ब्रशने घासावे, धूळ धुऊन काढावी. आदल्या संध्याकाळी ती पट्टी भिजवावी आणि बांधताना ती ओलसर असावी, पण तिच्यावर पाणी साचलेले नसावे. त्यावर सिमेंटची दाट लापशी, एक किलो सिमेंटला साधारण अर्धा लिटर पाणी, ब्रशने चोपडावी आणि ती ओली असतानाच पहिल्या थराचा १:४ चा (एक भाग सिमेंट, चार भाग वाळू) माल टाकावा. भुसावळच्या मे महिन्यात ही लापशी बघता बघता वाळते. म्हणून एकदम अख्ख्या भिंतीला न चोपडता दोन-तीन फुटांचाच तुकडा घ्यावा. वाळलेली लापशी न लावलेल्या लापशीपेक्षा वाईट, कारण ती मालाला स्लॅबपासून तोडते. फरशीवर, कोब्यावर किंवा वॉटरप्रूफिंगच्या थरावर भिंत उभी करू नये. त्यांची पकड स्लॅबशी किती आहे हे कोणालाच ठाऊक नसते.

संडास-बाथरूमच्या भिंतींखाली विटेऐवजी १०० ते १५० मिमी उंचीची एम २० प्रतीच्या काँक्रीटची पट्टी घालावी, रुंदी भिंतीइतकीच. तिच्यात दर ६०० मिमीवर स्लॅबमध्ये रोवलेली ८ मिमीची सळई असावी. पट्टी आणि सळया वॉटरप्रूफिंगच्या आधी झाल्या पाहिजेत, म्हणजे तो थर पट्टीवर चढवून घेता येतो. नंतर छिद्रे पाडली तर पाणी कुठून गळते ते शोधण्यात वर्षे जातात.

सळया स्लॅब टाकतानाच उभ्या ठेवाव्यात, असा सल्ला पुष्कळजण देतात. आमचे मत वेगळे आहे. भिंतीच्या जागा नंतर दोन-चार इंच सरकतातच, उभ्या सळयांना मजूर अडखळतात, त्या ठोकून आडव्या करतात, पुन्हा सरळ करताना बुडाशी काँक्रीट फुटते. रेषा आखल्यावर ड्रिल करून केमिकल अँकरने (सळई काँक्रीटला चिकटवणाऱ्या रसायनाने) बसवलेली सळई जास्त भरवशाची असते, फक्त ती बसवायची रीत पाळली पाहिजे. ८ मिमीच्या सळईला १० मिमीचे छिद्र, खोली ७५ ते ८० मिमी. स्लॅब पाच इंची असेल तर खाली ४५ ते ५० मिमी काँक्रीट उरते. चार इंची स्लॅबमध्ये इतके खोल जाऊच नये. ड्रिलच्या पात्यावर चिकटपट्टी गुंडाळून खोलीची खूण करावी, नाहीतर खालच्या मजल्याच्या छताचा पोपडा पडतो.

छिद्र झाले की ते साफ करणे हाच अर्धा अँकर आहे. आधी पंपाने दोनदा हवा मारावी, मग तारेचा गोल ब्रश दोनदा आत-बाहेर फिरवावा, मग पुन्हा दोनदा हवा. तोंडाने फुंकर मारून भागत नाही. पीठ डोळ्यांत जाते आणि तळाशी राहते ते राहतेच. त्या पिठालाच चिकटलेले रसायन सळईसकट हाताने ओढून निघते. केमिकल अँकरची नळी नवी लावल्यावर पहिले काही दाब बाहेर टाकून द्यावेत, दोन्ही रसायने मिसळून एकसारखा रंग आला की मगच छिद्रात भरावे, तळापासून वर येत दोन तृतीयांश. सळई फिरवत आत ढकलली की थोडे रसायन तोंडाशी वर आले पाहिजे. वर आले नाही तर आत पोकळी आहे असे समजावे. चाळीस अंशांच्या वर हे रसायन काही मिनिटांतच घट्ट होऊ लागते, म्हणून उन्हाळ्यात काम सकाळी करावे, काडतूस सावलीत ठेवावे आणि एका वेळी चार-पाचच छिद्रे भरावीत. दुसऱ्या दिवशी प्रत्येक सळई पान्याने पिळून पाहावी. फिरली तर ती काढून छिद्र पुन्हा साफ करावे. छिद्रात सिमेंटचे पाणी ओतून सळई ठोकणे हा प्रकार आपल्याकडे सर्रास चालतो. इतक्या बारीक फटीत सिमेंट नीट भरत नाही आणि आक्रसते, त्यामुळे ती सळई फक्त दिसायला उभी असते.

स्लॅबमध्ये सळयांबरोबर विजेच्या नळ्याही असतात, ही गोष्ट ड्रिल मारताना आठवते, पण तोवर उशीर झालेला असतो. काँक्रीट टाकण्याआधी नळ्यांचे आणि सळयांचे मोबाइलवर फोटो काढावेत, फोटोत मोजपट्टी पसरलेली असावी आणि कॉलम दिसावा. या फुकटच्या कामाइतका उपयोगी दस्तऐवज दुसरा नाही. फोटो नसतील तर सळई शोधणारे यंत्र भाड्याने मिळते. पाते लोखंडाला लागले तर रेटू नये, दोन इंच बाजूला सरकावे आणि सोडलेले छिद्र न आक्रसणाऱ्या ग्राउटने बुजवावे. सज्जा आणि गॅलरीच्या स्लॅबमध्ये मुख्य सळया वरच्या अंगाला असतात, तिथे वरून ड्रिल मारणे टाळावेच.

तळाची सळई सगळ्या भिंतींना सारखीच उपयोगी नसते, हेही सांगितले पाहिजे. पोकळ काँक्रीट ब्लॉकमध्ये ती उत्तम बसते. ६०० ते ८०० मिमीवर, शिवाय भिंतीच्या टोकांना आणि दाराच्या दोन्ही बाजूंना १० मिमीची सळई घ्यावी आणि ती पोकळी बारीक खडीच्या काँक्रीटने भरावी. या सळईला छिद्र मोठे आणि थोडे खोल लागते, त्याचे माप अँकरच्या पाकिटावर दिलेले असते. भरीव विटेच्या अर्ध्या विटेच्या भिंतीत मात्र सळई पहिल्या थरात उभ्या सांध्यात येते आणि दुसऱ्या थरात तिच्या डोक्यावर अख्खी वीट येते. मग मिस्तरी सळई वाकवतो किंवा विटेचे दोन तुकडे करून दोन्ही बाजूंना लावतो आणि सांध्यावर सांधा येतो. अशा सळईपेक्षा नीट टाचे मारलेला तळ चांगला. विटेच्या भिंतीला तळाशी सळया हव्याच असतील तर आधी सांगितलेली काँक्रीटची पट्टी घालावी आणि वीट तिच्यावर सुरू करावी. एएसी ब्लॉकचा पहिला थर नेहमीच्या मालावर लेव्हलमध्ये बसवावा, वरचे थर ३ मिमीच्या चिकट मसाल्याने जोडावेत. ब्लॉक पाण्यात बुडवू नयेत, नुसते शिंपडावेत. बुडवलेला ब्लॉक भिंतीत वाळतो आणि वाळताना आक्रसून उभ्या भेगा देतो.

कधी चीर छताखाली न पडता जमिनीलगत, पहिल्या-दुसऱ्या थरात मध्यभागी पडते. लोक तिला ओल समजतात. ती बहुधा खालच्या स्लॅबच्या झोळाची असते. स्लॅब मध्यभागी खाली जातो, भिंत ताठ असल्याने तशी वाकत नाही, दोन टोकांवर टेकून कमानीसारखी राहते आणि बुडाशी फट सोडते. तळाला सळया कितीही घातल्या तरी त्या हा झोळ थांबवत नाहीत. त्या भिंतीला सरकू देत नाहीत, एवढेच. झोळ स्लॅबच्या जाडीने, बीमने आणि टेकूंच्या मुदतीनेच आवरतो.

बाजूंची जोडणी त्या मानाने सोपी. कॉलमला दर ५०० मिमी उंचीला, म्हणजे विटेच्या साधारण सहाव्या थराला आणि एएसी ब्लॉकच्या दर दुसऱ्या थराला, एक ६ मिमीची सळई ६० ते ७५ मिमी आत रोवावी आणि ४५० ते ६०० मिमी भिंतीच्या आडव्या सांध्यात घालावी. ८ मिमी घेतली तर १० मिमीच्या सांध्यात तिला मालाचे पांघरूण उरत नाही. चिकट मसाल्याच्या ३ मिमी सांध्यात कोणतीच सळई बसत नाही, तिथे कॉलमला स्क्रूने आवळलेली गॅल्व्हनाइझ्ड पत्र्याची एल आकाराची पट्टी वापरावी. अर्ध्या विटेच्या भिंतीत दर तिसऱ्या थराला ६ मिमीच्या दोन सळया घालण्याची बाब सरकारी कामांच्या दरसूचीतही आहे. किंवा दर मीटर-सव्वा मीटरला ७५ ते १०० मिमी जाडीचा आरसीसी पट्टा. भिंत चार मीटरपेक्षा लांब असेल, किंवा दारालगत तिचे टोक मोकळे असेल, तर तिथे काँक्रीटचा उभा पट्टा हवा. दिवसाला एक मीटरच्या वर भिंत चढवू नये, आणि सात दिवस गोणपाट ओले ठेवावे. उन्हात वाळलेला सांधा सळईला धरतच नाही.

माथा हा खरा कसोटीचा भाग. स्लॅबखाली २० ते २५ मिमी आणि बीमखाली १० ते १५ मिमी फट सोडून भिंत थांबवावी. ही फट कोणत्याही कारणाने मालाने भरू नये. मग भिंत आडवी धरायची कशी? त्याचे दोन मार्ग आहेत. स्लॅबखालच्या भिंतीला आमची पसंती लोखंडी अँगलच्या तुकड्यांना. ७५ बाय ५० बाय ६ चा अँगल घेऊन १०० मिमीचे तुकडे करावेत. ५० ची बाजू स्लॅबच्या तळाला ८ मिमीच्या एक्सपान्शन बोल्टने आवळावी, ७५ ची बाजू भिंतीच्या अंगाने खाली सोडावी. फट २० मिमी धरली तरी भिंतीवर ५५ मिमी पकड मिळते. ५० ची बाजू खाली सोडली तर जेमतेम ३० मिमी उरते, म्हणून उलटे लावू नये. भिंतीच्या दोन्ही अंगांना समोरासमोर, टोकापासून एक फूट सोडून आणि मग साधारण एक मीटरवर. बारा फुटी भिंतीला चार जोड्या, आठ तुकडे आणि मिळून पाच किलोही लोखंड नाही. अँगल भिंतीत मात्र ठोकायचा नाही. भिंतीला तो नुसता टेकून असावा, मधे रबराचा पातळ तुकडा चालेल. एखादा उत्साही मिस्तरी भिंतीतही बोल्ट मारतो आणि मग स्लॅब खाली येताना भिंतीचा माथा फोडतो. छतात ड्रिल मारताना ५० मिमीपेक्षा खोल जाऊ नये. पंख्याच्या आणि दिव्यांच्या नळ्या तिथेच खालच्या सळयांवर पसरलेल्या असतात, आणि त्या खालच्या सळयांवरच गाळ्याच्या मध्यभागी स्लॅबचा सारा भरवसा असतो. अँगलला जस्ताचा मुलामा नसेल तर निदान रेड ऑक्साइडचे दोन हात द्यावेत.

भिंत बीमखाली असेल तर अँगल बरा नाही. २३० मिमी बीमखाली ११० मिमी भिंत मध्यभागी घेतली तर दोन्ही बाजूंना ६० मिमीच उरतात. तिथला बोल्ट बीमच्या कडेपासून जेमतेम सव्वा इंचावर येतो आणि कोपरा फोडतो किंवा कोपऱ्यातल्या मुख्य सळईवर आदळतो. अशा जागी मधोमध ८ मिमीची ३०० मिमी लांब सळई रोवावी. ७५ मिमी बीममध्ये, १५ मिमी फटीत, आणि उरलेली २१० मिमी भिंतीतल्या २० मिमीच्या पीव्हीसी नळीत. नळी २४० ते २५० मिमी लांब घ्यावी, तिचे खालचे तोंड फोमने बंद करावे. सळईच्या टोकाखाली नळीत ३० मिमी मोकळी जागा राहिलीच पाहिजे, कारण बीम खाली आला की सळई तिथेच उतरणार. क्रम असा: सळई आधी रोवायची, तिच्यावर नळी सरकवायची आणि मग शेवटचे तीन थर नळीभोवती विटा खाचून बांधायचे, खाचेत १:३ चा माल. भिंत पूर्ण झाल्यावर वरून काहीच घालता येत नाही. या नळीत माल गेला की सगळी मेहनत वाया, म्हणून वरच्या तोंडालाही बांधताना चिकटपट्टी असावी.

भिंत बांधून किमान दोन आठवडे झाल्यावर, जमले तर आणखी उशिरा, फटीत मऊ फोमची दोरी दाबून बसवावी आणि दोन्ही तोंडांना लवचिक सीलंट भरावे. फवाऱ्याचा फोम भरला तर धूळ आणि आवाज अडतो, पण त्याला भिंत धरून ठेवणारा समजू नये. जिना, लिफ्ट किंवा दोन फ्लॅटमधली भिंत असेल तर तिथे आग अडवायची असते, म्हणून फोम नको, रॉकवूल (न जळणारी खनिज लोकर) आणि आगीसाठीचे सीलंट हवे. प्लास्टर करताना भिंत आणि छत यांच्या सांध्यात १० मिमीची खाच थापीने कापून ठेवावी. प्लास्टर भिंतीवरून छतावर सलग नेले तर फट आत आहे आणि वरून ती बंद केली, अशी गत होते. पहिल्या हालचालीला चीर बाहेर येते. खाच दिसू नये असे वाटत असेल तर पट्टी किंवा फॉल्स सीलिंग आहेच.

कोंबडी जाळी हा आपल्याकडे सगळ्या तड्यांवरचा उपाय मानला जातो. कॉलम आणि भिंतीच्या सांध्यावर दोन्ही बाजूंना किमान १०० मिमी जाळी घ्यावीच, पण ती प्लास्टरला धरते, भिंतीला नाही. आणि इलेक्ट्रिशियन झिरी (नळीसाठी भिंतीत खाच) मारायला येतो तेव्हा मिस्तरीने घातलेल्या कॉलमच्या सळया ग्राइंडरने कापून जातो, तेव्हा त्यांच्या जागा प्लास्टरआधी भिंतीवर लाल खडूने दाखवाव्यात. उभी झिरी भिंतीच्या जाडीच्या तिसऱ्या भागापेक्षा आणि आडवी सहाव्या भागापेक्षा खोल नको. चार इंची भिंतीत आडवी झिरी म्हणजे १८-१९ मिमी, एवढ्यात नळी मावत नाही. म्हणजेच आडव्या झिऱ्या नकोतच.

गच्चीखालच्या मजल्याला आणखी एक त्रास आहे. आपल्याकडच्या उन्हात गच्चीचा स्लॅब रात्र आणि दुपार यांत सहज तीस अंशांनी तापतो-निवतो. काँक्रीट दर अंशाला मीटरमागे एक शतांश मिमी वाढते, म्हणजे दहा मीटर स्लॅबची लांबी रोज तीन मिमी ये-जा करते. माथा घट्ट असेल तर हा स्लॅब भिंतीचा वरचा थर ओढत नेतो, आणि छताखाली विटेचा एक थर सोडून सरळ आडवी चीर पडते. या मजल्यावर फट आणि अँगल दोन्ही सक्तीचे समजावेत, आणि गच्चीला पांढरा उष्णतारोधक लेप द्यावा.

तळमजल्यावर तर अनेकदा स्लॅबच नसतो. मुरमाच्या भरावावर चार इंचांचे कच्चे काँक्रीट आणि त्यावर भिंत. भराव नीट कुटलेला नसेल किंवा खाली काळी माती असेल, तर पावसात ती फुगते, उन्हाळ्यात भेगाळते आणि भिंत बसते. इथे सळया, अँगल काही वाचवत नाही. भिंत जोत्याच्या बीमवर घ्यावी, नाहीतर मुरूम लागेपर्यंत तिचा स्वतःचा छोटा पाया.

आमची मागणी साधी आहे. घराचा आराखडा करणाऱ्या अभियंत्यांनी आतल्या भिंतीचा तळ, बाजू आणि माथा यांचा एक मोठ्या मापाचा तपशील नकाशात द्यावा, आणि त्यातल्या सळया, अँगल, सीलंट यांची स्वतंत्र बाब दरपत्रकात लिहावी. बाब लिहिली नाही तर ठेकेदार ती फुकट करणार नाही, आणि त्याला दोषही देता येणार नाही. घरमालकांनी भिंतीचे पैसे देताना नुसता ओळंबा न पाहता माथ्याची फट बोटाने चाचपावी. प्लास्टर होण्याआधीचीच ही वेळ असते.

ज्यांच्या भिंती आधीच छताला आवळलेल्या आहेत, त्यांनी प्रथम खात्री करावी की घर कॉलम-बीमचे आहे. भिंतींवर स्लॅब टेकलेले जुने घर असेल तर माथ्याला हात लावू नये. स्लॅबला डोळ्यांना दिसेल इतके पोट आले असेल तरीही आधी अभियंता बोलवावा. बाकी ठिकाणी माथ्याचा माल दोन-तीन फुटांच्या तुकड्यांनी, भिंतीच्या पूर्ण जाडीत कापून २० मिमी फट करता येते आणि फोम-सीलंट भरता येते. फक्त आधी सगळे अँगल बसवावेत, मग कापणी सुरू करावी. उलटे केले तर मधल्या दिवसांत पावणेतीन टनांची भिंत वरून पूर्ण सुटी उभी असते.

आपले,
बांधकाम क्षेत्रातील काही अभियंते व पर्यवेक्षक,
जळगाव